प्रिपोझिशनल फ्रेज म्हणजे एक्स्ट्रा सामान? त्या फॉरवर्डला उत्तर

"प्रिपोझिशनल फ्रेजचे पाच सोपे नियम" असं एक फॉरवर्ड परत फिरतंय. (इन, ऑन, ॲट, टू, ऑफ असे छोटे शब्द म्हणजे प्रिपोझिशन, आणि तो शब्द व त्यापुढचं नाम मिळून होते ती प्रिपोझिशनल फ्रेज, जसं "ऑन द टेबल".) त्यात म्हटलंय की फ्रेज ही एक्स्ट्रा माहिती असते, काढली तरी वाक्याला काही होत नाही, ती वाक्यात कुठेही ठेवा, मोठ्या जागेला इन आणि छोट्या जागेला ॲट, टू नंतर कायम क्रियापदाचं मूळ रूप, आणि वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन कधीच नको. पाठ करायला मस्त आहे, पण वापरायला गेलं की गंडतं.

पहिलंच घ्या. "शी पुट द कीज ऑन द टेबल" मधून "ऑन द टेबल" काढा बरं. शी पुट द कीज... आणि पुढे? पुट म्हटलं की कुठे ठेवलं ते सांगावंच लागतं, तो त्या क्रियापदाचा हक्काचा भाग आहे. "इट डिपेंड्स ऑन द वेदर" चं पण तेच. हा नियम आला कुठून याचा अंदाज येतो, कारण कर्ता शोधताना फ्रेज झाकायची ट्रिक शिकवतात: "द बॉक्स ऑफ पेन्स इज मिसिंग" मधलं "ऑफ पेन्स" झाकलं की बॉक्स उरतो, म्हणून इज. ट्रिक चांगलीये, पण "सम ऑफ द मिल्क इज" आणि "सम ऑफ द बुक्स आर" इथे उत्तर नेमकं झाकलेल्या भागातच असतं, मग काय करणार?

"कुठेही ठेवा" हे तर सगळ्यात डेंजर. "द पोलीस चेज्ड द थीफ ऑन अ बाइक" यात बाइकवर कोण होतं, पोलीस की चोर? दोन्ही अर्थ निघतात, कारण फ्रेज नामालाही चिकटते आणि क्रियापदालाही. आपल्याला ओळखायला एक सोपी सोय आहे, मनात मराठी करून बघायचं. "बाइकवरच्या चोराचा" असं आलं, म्हणजे "बाइकवर"ला चा-ची-चे-च्या लागलं, की ती फ्रेज नामाची, विशेषणाचं काम करतेय. नुसतं "बाइकवरून पाठलाग केला" आलं तर क्रियापदाची. मग फ्रेज ज्याच्याबद्दल सांगते त्याच्याजवळ ठेवा: "ऑन अ बाइक, द पोलीस चेज्ड द थीफ" म्हटलं की पोलीसच बाइकवर. खरं तर फ्रेज कोणाला चिकटलीय हे कळलं की निम्मं ग्रामर सुटतं, आणि फॉरवर्डमध्ये नेमका हाच प्रश्न कुठेच नाहीये.

इन-ऑन-ॲट. साइजचा काही संबंध नाही हो. कार छोटी तरी "इन द कार", बस मोठी तरी "ऑन द बस". आत, पृष्ठभागावर की एका बिंदूवर, असा तो विचार असतो, म्हणून अख्खं शहर सुद्धा प्रवासातला नुसता थांबा असेल तर ॲट घेऊ शकतं. वेळेला मात्र नेमक्या वेळेला ॲट, दिवसाला ऑन, मोठ्या काळाला इन हा शिकवतात तो पिरॅमिड बऱ्यापैकी चालतो (ॲट फाइव्ह, ऑन मंडे, इन जुलै), पण "इन द मॉर्निंग" आणि "ऑन मंडे मॉर्निंग" आणि "ॲट नाइट" आले की तोही डगमगतो. हे पाठच करावं लागतं, इलाज नाही.

टू नंतर मूळ रूप? "आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू" बरोबर, "टू मीट यू" चूक. पुढे नाम ठेवून बघा. "लुक फॉरवर्ड टू द ट्रिप" जमतं, म्हणजे हा टू प्रिपोझिशन, आयएनजी हवं. "आय वॉन्ट टू द ट्रिप" जमत नाही, तिथे मूळ रूप.

आणि शेवटी प्रिपोझिशन नको वालं तर फारच जुनं. 1672 मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या अशा वाक्यांना नावं ठेवली होती. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या इंग्रज लेखकाने आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलं की गंभीर लिखाणात प्रिपोझिशन आधी घेतलेलं बरं, पण इंग्रजीचा ओढा शेवटी ठेवण्याकडेच आहे, आणि गंमत म्हणजे ते सांगणारं त्याचं स्वतःचंच वाक्यांश "टू" वर संपतं! "व्हॉट आर यू लुकिंग ॲट?" ऐवजी "ॲट व्हॉट आर यू लुकिंग?" कोणी बोलतं का? आणि "द टिकेट्स हॅव बीन पेड फॉर" मधला फॉर हलवायचा म्हटला तर हलवणार कुठे, त्याला दुसरी जागाच नाही.