खुलासा: ‘मुलाला चापट मारली की थेट तुरुंग’ हा मेसेज

परदेशातल्या मराठी पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘लंडनच्या संसदेने नवा कायदा केला, मुलाला चापट मारली की आई-बाबा थेट तुरुंगात, साऱ्या ब्रिटनमध्ये लागू.’ यातल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

कायदा आहे, पण तो स्कॉटलंडचा. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यानुसार फौजदारी कायद्याचा बहुतांश भाग एडिनबरोतल्या स्कॉटिश संसदेकडे आहे. तिनेच ३ ऑक्टोबर २०१९ रोजी ८४ विरुद्ध २९ मतांनी चापट मारण्याबद्दलचा हा कायदा मंजूर केला. ७ नोव्हेंबर २०२० पासून तो लागू आहे, म्हणजे नवाही नाही.

त्याने नवा गुन्हा निर्माण केलेला नाही. मारहाण हा गुन्हा तिथे आधीपासूनच होता; ‘शिस्तीसाठी मारलं’ हा पालकांचा बचाव तेवढा काढून घेतला. डोक्यावर मारणं, गदागदा हलवणं, वस्तूने मारणं यासाठी तो बचाव २००३ पासूनच मिळत नव्हता. खटला भरायचा की नाही, हे सरकारी वकील प्रकरण पाहून ठरवतात. ‘थेट तुरुंग’ कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

वेल्सने असाच कायदा २१ मार्च २०२२ पासून लागू केला. इंग्लंडमध्ये तो नाही.

या कायद्याचा जाब विचारायचाच, तर तो एडिनबरोत. तिथले आमदार दर गुरुवारी दुपारी फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुखांना, प्रश्न विचारतात. अधिवेशनातली ही प्रश्नोत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर शब्दशः मिळतात. लंडनच्या खासदाराला पत्र लिहून उपयोग नाही.

मूळ मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.