पहिला क्लिक उठवण्यासाठी

गेल्या शुक्रवारी कार्यालयात सर्वांना एक ईमेल आली. 'प्रणालीतील दीर्घकाळच्या बिघाडाचे अचूक निदान केल्याबद्दल' लेखा विभागातील एका ज्येष्ठ गृहस्थांचे तीत मनःपूर्वक अभिनंदन केले होते आणि तळाशी 'तांत्रिक विभागाने सहकार्य केले' एवढे एक वाक्य होते. ते सहकार्य म्हणजे मी.

बिघाड असा : व्हाउचर जतन करताना कधीकधी 'काहीतरी चुकले आहे, कृपया पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश यायचा आणि पुन्हा प्रयत्न केला की तेच व्हाउचर बिनबोभाट जतन व्हायचे. 'कधीकधी'इतका दुष्ट शब्द आमच्या धंद्यात दुसरा नाही. जिम ग्रे या संगणकतज्ज्ञाने १९८५ सालीच, शोधायला गेले की गायब होणाऱ्या अशा चुकांसाठी 'हायझेनबग' हे नाव वापरले होते. परंतु नाव ठाऊक असल्याने चोर सापडत नाही, फक्त बैठकीत दोन मिनिटे बरी जातात.

मी आधी नेटवर्कवर संशय घेतला आणि त्या विभागाशी कायमचे वाकडे घेतले. मग डेडलॉकवर घेतला. दोन व्यवहार एकमेकांचे कुलूप सुटण्याची वाट पाहत अडकले की डेटाबेस त्यांतल्या एकाचा बळी देतो, आणि आमच्या मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवणीचे इंजिन त्यासाठी शक्यतो लहान व्यवहार निवडते, म्हणजे ज्याने सर्वांत कमी ओळी बदलल्या आहेत तो. हा न्याय वाचताना मला उगाचच वार्षिक मूल्यमापनाची आठवण झाली. ते असो. डेडलॉक नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात ते गृहस्थ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"साहेब, उगाच जिवाला त्रास करून घेता. तिला सकाळी जाग यायला वेळ लागतो."

"कोणाला?"

"सिस्टिमला. म्हणून मी पहिला क्लिक तिला उठवण्यासाठी करतो आणि दुसरा कामासाठी."

डेटाबेसचा सर्व्हर चोवीस तास जागाच असतो, हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे समजावून सांगितले. ज्याचे बिल मंजूर होणारच नाही अशा माणसाचे ऐकून घ्यावे, तसे त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"मग महिनाअखेरीला मी मध्यरात्र उलटेपर्यंत बसलो की दुसऱ्या दिवशी ती का रुसत नाही?"

"योगायोग."

त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली. तीत तारीखवार, सुवाच्य अक्षरात, आदल्या रात्री शेवटची नोंद किती वाजता केली, सकाळी पहिली किती वाजता केली आणि 'उठली' की 'नाही उठली', अशा तीन रकान्यांत सारा हिशेब होता. "सात रात्री बसलो. सातही वेळा योगायोग?" यावर मी जे बोललो ते आठवले की आजही कानशिले तापतात. मी म्हणालो, "डेटाबेसचे निदान वहीवरून होत नसते."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या पडद्यावरच्या लॉगकडे, म्हणजे प्रणाली स्वतःच ठेवते त्या नोंदवहीकडे, गेली. तिथे चूक क्रमांक २००६ खाली 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' असे लिहिलेले होते आणि मी ते तीन आठवडे नेटवर्कच्याच नावावर मांडत आलो होतो. "गेला? न सांगता?" त्यांनी विचारले. "म्हणजे मी झोपला म्हणतो आणि तुम्ही गेला म्हणता. वाद एवढाच ना?"

ते गेल्यावर मी मुकाट्याने सर्व्हरची 'वेट टाइमआउट' ही सेटिंग उघडली. २८,८०० सेकंद. ३,६०० ने भागले, आठ तास. इतका वेळ प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या एखाद्या कनेक्शनवरून काहीच विचारले गेले नाही, तर सर्व्हर ते बंद करतो. पण आमच्या प्रोग्रॅमच्या 'पूल'ला, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्याला, त्याचा पत्ता नसतो आणि तो सकाळी पहिल्या माणसाच्या हाती ते मेलेले कनेक्शन ठेवतो. चूक झाली की ते फेकले जाते, म्हणून दुसरा क्लिक चालतो. संध्याकाळी सातला बंद झालेले काम सकाळी नऊला सुरू होते तेव्हा चौदा तास उलटलेले असतात. गृहस्थ रात्री दीडपर्यंत बसले की साडेसातच. मी साडेदहाला उगवायचो, तोवर लवकर येणाऱ्यांनी सगळी प्रेते उचललेली असायची. आणि पाळतीसाठी मी जो प्रोग्रॅम रात्रभर चालवला, तो दर मिनिटाला प्रत्येक कनेक्शनला प्रश्न विचारून त्यांना जागे ठेवत होता. चोर पकडायला बसवलेला पहारेकरी रात्रभर चोराशीच गप्पा मारत होता.

उपाय म्हणजे कॉन्फिगरेशनमधल्या दोन ओळी : कनेक्शन हाती देण्यापूर्वी ते जिवंत आहे का ते तपासावे आणि आठ तासांच्या बऱ्याच आधी ते बदलावे. त्या दोन ओळी मी लिहिल्या, मी तपासल्या, रविवारी येऊन मीच चढवल्या. ईमेलमध्ये रविवारचा उल्लेख नाही.

अभिनंदनानंतर गृहस्थांनी आपली दोन क्लिकची पद्धत उत्साहाने साऱ्या विभागाला शिकवली. आता सिस्टिम पहिल्याच क्लिकला उठते आणि दुसराही इमानेइतबारे कामाला लावते. आज सकाळी माझ्याकडे नवी तक्रार आली आहे : व्हाउचरच्या नोंदी कधीकधी दुप्पट होतात.