बक्षीस म्हणून देश? वाइझमन, अॅसिटोन आणि बाल्फोर जाहीरनामा

सोलापुरात कॉलेजांच्या आणि साखर कारखान्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतोय. खाइम वाइझमन या ज्यू शास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धात यीस्टपासून अॅसिटोनचा, म्हणजे स्फोटकं बनवायला लागणाऱ्या द्रवाचा, शोध लावला आणि ब्रिटनला वाचवलं. बक्षीस विचारल्यावर आपल्या लोकांसाठी देश मागितला. लगेच बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं ब्रिटिश सरकारचं १९१७ चं पत्र) निघाला आणि पुढे तो इस्रायलचा पहिला पंतप्रधान झाला, असा त्याचा सारांश. वाइझमन मोठे होतेच. पण या मजकुरात बरंच चुकलंय, आणि मळीच्या डिस्टिलऱ्या असलेल्या जिल्ह्यातून तरी तो असाच पुढे जायला नको.

पंतप्रधान: ते डेव्हिड बेन-गुरियन. वाइझमन १९४९ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले आणि १९५२ मध्ये मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. कारभाराचे अधिकार त्या पदाला फारसे नव्हते.

अॅसिटोनचा शोध: अॅसिटोन त्यांच्या जन्माआधीपासून माहीत होतं. बंद भांड्यात लाकूड तापवायचं, निघालेलं अॅसिटिक आम्ल चुन्यात घ्यायचं आणि तयार झालेलं कॅल्शियम अॅसिटेट कोरडंच तापवायचं, ही जुनी रीत. एक टन अॅसिटोनला ८० ते १०० टन लाकूड लागे आणि ब्रिटनचा बराचसा माल अमेरिकेतून येई. मँचेस्टरला वाइझमन शोधत होते ते कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटॅनॉल. त्यांच्या पद्धतीत साधारण सहा भाग ब्युटॅनॉल, तीन भाग अॅसिटोन आणि एक भाग इथेनॉल मिळतं. म्हणजे युद्धाला हवं होतं ते त्यांच्या मूळ कामातलं जोडउत्पादन.

यीस्ट: इथली चूक आपल्याकडच्या डिस्टिलरीतल्या माणसाला लगेच कळावी. यीस्टला साखर हवी. स्टार्च ते थेट खाऊ शकत नाही, म्हणून धान्यापासून अल्कोहोल करताना आधी माल्ट किंवा एन्झाइम वापरून स्टार्चची साखर करावी लागते. वाइझमन यांचा जीव म्हणजे क्लॉस्ट्रिडियम अॅसिटोब्युटिलिकम हा जिवाणू. तो स्टार्च स्वतः फोडतो, पण त्याला ऑक्सिजन चालत नाही. मक्याचं पीठ पाण्यात कालवून वाफेच्या दाबाखाली शिजवायचं, ३७ अंशांच्या आसपास आणायचं आणि त्यात जिवाणूंचं बियाणं सोडायचं. बियाण्याचे बीजाणू आधी एक-दोन मिनिटं ९० ते १०० अंशांवर तापवतात. कमजोर मरतात, दणकट उरतात. पहिले पंधरा-वीस तास अॅसिटिक आणि ब्युटिरिक आम्लं वाढतात, मग जिवाणू त्यांचंच अॅसिटोन आणि ब्युटॅनॉल करू लागतो. दोन-तीन दिवसांत काम उरकतं.

बिघडतं ते बहुधा मधल्या वळणावर. लॅक्टिक जिवाणू शिरले, विषाणूची लागण झाली किंवा बियाणं थकलं, की आम्लं तशीच राहतात आणि सगळी टाकी आंबट होऊन वाया जाते. म्हणून पाइप, व्हॉल्व्ह सगळं वाफेनं निर्जंतुक ठेवावं लागतं. शिवाय ब्युटॅनॉल या जिवाणूलाच विषारी असल्यानं तिन्ही द्रव मिळून दोन टक्क्यांच्या आसपास गाडी थांबते. आंबवलेल्या मळीत, म्हणजे वॉशमध्ये, याच्या कितीतरी पट अल्कोहोल असतं. इथं प्रचंड पाणी उकळून थोडा माल हाती येतो. हे प्रयोगशाळेतून कारखान्याच्या टाकीपर्यंत नेणं हीच वाइझमन यांची खरी कामगिरी, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमकी तीच नाही.

ब्रिटनला वाचवलं: कॉर्डाइट म्हणजे तोफा-बंदुकांची बिनधुराची दारू. तिच्यात नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन ही स्फोटकं एकजीव करायला अॅसिटोन लागे, नंतर ते सुकवून काढून टाकत. टंचाई खरी होती. पण लष्करासाठी ईथर-अल्कोहोलवर चालणारं वेगळं कॉर्डाइटही तयार केलं गेलं. १९१७ मध्ये पाणबुड्यांमुळे मका येईना, तेव्हा शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली. त्यातून फारसं साधलं नाही. या पद्धतीचं मोठं उत्पादन टोरांटोच्या डिस्टिलरीत झालं. मदत मोठी होती, एकमेव नव्हती.

बक्षीस: वाइझमन आणि आर्थर बाल्फोर (१९१७ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री, जाहीरनामा यांच्याच सहीचा) यांची भेट १९०६ मध्येच मँचेस्टरला झाली होती, अॅसिटोनच्या कितीतरी आधी. जाहीरनाम्याचा मसुदा जुलै १९१७ पासून महिनोन्महिने बदलत राहिला. कडाडून विरोध करणारे एडविन माँटेग्यू स्वतः ज्यू होते आणि तेव्हा ब्रिटिश सरकारात भारतमंत्री होते. ३१ ऑक्टोबरला मंजुरी मिळाली तेव्हा ते भारताच्या वाटेवर होते. आपल्या परिचयाच्या लॉर्ड कर्झननीही पॅलेस्टाइनमध्ये आधीच राहणाऱ्या अरबांचं काय, असं विचारलं. २ नोव्हेंबरच्या अंतिम मजकुरात ‘पॅलेस्टाइन हेच राष्ट्रीय घर’ ही मागणी जाऊन ‘पॅलेस्टाइनमध्ये राष्ट्रीय घर’ एवढंच उरलं, शिवाय बिगर-ज्यू रहिवाशांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांची अट आली. देशाचं वचन त्यात नाही. ब्रिटनची गणितं वेगळी होती: अमेरिका आणि रशियातल्या ज्यूंचा पाठिंबा, सुएझजवळचा ताबा, फ्रान्सशी चढाओढ.

बक्षिसाची गोष्ट आली तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या १९३३ पासून छापल्या गेलेल्या युद्धाच्या आठवणींतून. ती खोडून काढली खुद्द वाइझमन यांनीच, १९४९ च्या आत्मचरित्रात.