चौथ्या लॉटचं वजन

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचा हिशेब मी लिहिलेल्या प्रोग्रामवर चालतो. म्हणजे, त्या सोमवारपर्यंत चालत होता.

एका लॉटचं वजन 1820 किलोऐवजी 1280 पडलं होतं. आकडा बदलायचा, एवढंच काम. ओळ लिहिली: यादीतला चौथा लॉट, त्याचं वजन, 1820. प्रोग्राम सी शार्प या भाषेत. तिच्या कंपायलरनं, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्यानं, लाल रेघ ओढली. त्याचं म्हणणं असं, की हे व्हेरिएबलच (किंमत ठेवायची जागाच) नाही, मग बदलू काय?

दोष माझ्या मिजाशीचा. लॉटची माहिती ठेवायला भाषेत दोन साचे, क्लास आणि स्ट्रक्ट. साधा क्लास न करता मी स्ट्रक्ट केला होता, कारण स्ट्रक्ट हलका असतो असं कुठंतरी वाचलेलं. (दिवसाला साठ लॉट. त्यात हलकं-जड काय, ते विचारू नका.) स्ट्रक्ट पडला व्हॅल्यू टाइप, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडं जाताना त्याची नक्कल जाते. लिस्टकडं, म्हणजे यादीकडं, चौथा लॉट मागितला की ती मूळ देत नाही, झेरॉक्स हातात ठेवते. हीच ओळ ॲरेवर, म्हणजे ठरलेल्या लांबीच्या यादीवर, मुकाट चालते, कारण ॲरे थेट पोत्यापाशी नेऊन उभं करतो. ही जेनेरिक (कुठल्याही प्रकारचा माल ठेवता येणारी) लिस्ट सी शार्पमध्ये आली 2005 साली. त्याच वर्षी कृष्णेच्या पुरानं हरिपूरच्या हळदीच्या पेवांची, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांची, वाट लावली. दोन्हींचा काही संबंध नाही, पण सांगलीकराला संशय यायला एवढं पुरतं.

शहाण्या माणसानं झेरॉक्स घ्यावी, दुरुस्त करावी आणि परत चौथ्या जागी ठेवावी. तीन ओळी. पण मी पडलो हुशार. स्ट्रक्टच्या पोटातच ‘वजन दुरुस्त कर’ अशी मेथड (हाक मारली की काम करणारा कोडचा तुकडा) लिहिली आणि चौथ्या लॉटवर ती चालवली. कंपायलर गप्प. मी खूश. वजन 1280.

मेथडच्या आत डोकावलं तर 1820. बाहेर येऊन बघितलं तर 1280. फॉरईच लावून, म्हणजे एकेक लॉट घेत, सगळ्या यादीतनं फिरलो, तरी तेच. रात्री अकरा वाजता लिंबू-मिरची कुठं मिळेल याचा विचार सुरू झाला. कंपायलर ओरडत होता तेव्हाच तो माझा होता, हे तोवर ध्यानात आलं नव्हतं.

सकाळी शेठ म्हणाले, “काय ओ साहेब, पाचशे चाळीस किलो हळद उंदरांनी खाल्ली व्हय?”

मी झेरॉक्सचा प्रकार सांगितला. शेठना कळलं नाही. कोपऱ्यातल्या दिवाणजींना मात्र लगेच कळलं. “म्हणजे कच्च्या चिठ्ठीवर खोडलंत आन् वहीत चढवलंच न्हाई!” एवढा खुललेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. याच चुकीपायी त्यांना एकदा चारचौघांत बोलणी बसली होती म्हणे. त्यांनी स्वतःच्या पैशानं मला चहा पाजला.

मी स्ट्रक्ट खोडून क्लास लिहिलं. एक शब्द. वजन झालं 1820.

गुरुवारी फोन आला. कालचा शिल्लक लॉट आजच्या यादीत ओढताना मी सरळ बरोबरचं चिन्ह टाकून मोकळा झालो होतो. क्लास झेरॉक्स काढत नाही. दोन्ही याद्या एकाच पोत्याकडं बोट दाखवतात.

“साहेब, आज इकलेली पोती कालच्या वहीतनंबी गेली की ओ!”

शेठच्या मागनं दिवाणजींचा आवाज आला, “चहा सांगू का?”