3 टक्के बेकारी आणि 'आळशी' पोरं: काकांच्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला. 'देशात बेरोजगारी फक्त 3 टक्के, हा सरकारचाच आकडा. 97 टक्के लोकांना काम आहे, उरलेले आळशी. आमच्या वेळी पडेल ते काम करायचो, आजच्या पोरांना एसी लागतो. परप्रांतीय इथे येऊन कमावतात ते कसे? रोजगार हमीसारख्या फुकट योजनांनी लोकांना बसून खायला शिकवलं.' हाच मेसेज आमच्या कळव्याच्या सोसायटीतही फिरला होता, तेव्हा मी सोडून दिला. पण या वेळी घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो वाचला आणि एक शब्द न बोलता ग्रुप सोडला. बीकॉम झाल्यापासून तो 2 वर्षं काम शोधतोय. आता गप्प बसणं मला जमणार नाही.

आधी तो आकडा. तो खरा आहे: केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात 2023-24 साली बेरोजगारीचा दर 3.2 टक्के आला. पण ते 100 माणसांतले 3 नव्हेत. जे काम करतात किंवा कामाच्या शोधात आहेत, फक्त त्यांच्यातले ते 3. त्याच अहवालात 15 वर्षांवरच्या 100 जणांपैकी काम असलेले 58 च आहेत. 97 कुठून आणले?

आणि 'काम' कशाला म्हणायचं? या पद्धतीत वर्षभरात 30 दिवस काहीतरी काम केलं तरी माणूस कामकरी धरला जातो. पगार मिळालाच पाहिजे अशी अट नाही. आमच्या गल्लीतल्या पोळी-भाजी केंद्रात मालकाची बायको पहाटे 5 पासून कणीक मळते. तिच्या हातात रुपया पडत नाही, पण ती 'रोजगारात'. घरच्या धंद्यात असे बिनपगारी राबणारे एकूण कामकऱ्यांत 19.4 टक्के आहेत, म्हणजे 5 जणांत जवळपास 1. नियमित पगारावर असलेले जेमतेम 21.7 टक्के. 15 ते 29 वयोगटात बेरोजगारी 10.2 टक्के. हे सगळं त्याच अहवालात आहे, मेसेज लिहिणाऱ्याने एकच आकडा उचलला.

आता आळस. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. बेरोजगार म्हणून कोण मोजला जातो? जो काम शोधतोय, किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच. घरी लोळणारा, काम नकोच म्हणणारा त्या 3 टक्क्यांत येतच नाही. म्हणजे ज्यांना तुम्ही आळशी म्हणताय ते नेमके दारोदार फिरणारे आहेत. राज्याच्या 2024 च्या पोलीस भरतीत 17 हजारांच्या वर जागा होत्या, अर्ज आले 17 लाखांच्या वर. पहाटे उठून ग्राउंड मारणारी ती पोरं एसी मागत होती का?

एक गोष्ट मात्र मान्य करते. नवी मुंबईतल्या रबाळे-महापे या कारखान्यांच्या पट्ट्यात चांगला वेल्डर, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर मिळत नाही अशी तक्रार मी स्वतः ऐकते, आणि बीकॉमच्या पदवीने ती जागा भरत नाही. पण हा दोष पोरांच्या अंगातला नाही, शिक्षण आणि कारखाना यांचा मेळ कोणी घातला नाही त्याचा आहे. काका स्वतः 1984 साली आयटीआय करून ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत लागले, वर्षभरात परमनंट झाले. कंपनीची बस, कँटीन, पीएफ, सगळं मिळालं. माझ्या भाच्याला तिथेच ठेकेदारामार्फत 12 तासांची ड्यूटी सांगितली, पीएफचं विचारल्यावर 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले.

परप्रांतीयांचं थोडक्यात सांगते. गावाकडे काम नाही म्हणून ते येतात, तुर्भ्याला एका खोलीत आठ-आठ जण राहतात. यातून काम मुबलक आहे असं कसं ठरतं? आणि मराठी माणसाला कष्ट नकोत, तर वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहणारे सातारा-सांगलीचे माथाडी कोण? तिथे 1969 चा माथाडी कायदा आहे, मजुरी माथाडी बोर्डातून मिळते, पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य घातलं. काम अंगमेहनतीचंच आहे, फक्त त्याला हमी आहे.

राहिली 'फुकट' योजना. रोजगार हमी या राज्यातच जन्मली, विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पाग्यांच्या विचारातून, कायदा 1977 चा. तिच्यासाठीच 1975 मध्ये व्यवसाय कर आला, आजही माझ्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. यातलं फुकट काहीच नव्हतं, माती उपसून, खडी फोडून मजुरी मिळायची. काका, 1972 च्या दुष्काळात आटपाडीकडे आजी अशाच कामावर जायची. तुम्ही 8 वर्षांचे होतात, तिच्याबरोबर सुकडीच्या, म्हणजे दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या खाऊच्या, रांगेत उभे राहायचात. हे आम्हाला तुम्हीच सांगितलंय.