हीटर पेटत नाही? दाबा लाल बटण!

निफाडचा पारा एक आकडी झाला की तिकडे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करतात. इकडे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीला आठवतं, की आपल्याकडेही पेटवायला काहीतरी आहे: स्विमिंग पूलचा डिझेल हीटर. मार्चपासून पंप रूममागे गोणपाट पांघरून पडलेला हा गडी एका झटक्यात पेटायलाच हवा. नाही पेटला, तर घाबरू नका. मी सांगतो तसं करा.

बर्नरवर एक लाल बटण असतं. ज्योत धरली नाही की काही सेकंदांत कंट्रोल बॉक्स सगळं बंद करतो आणि हे बटण पेटतं. माणसाने थांबावं, काय बिघडलंय ते बघावं, म्हणून ही सोय. पण आपण काय यंत्राचं ऐकणारे? दाबा. पुन्हा दाबा. चेअरमन आले तर त्यांनाही दाबू द्या, पदाचा मान असतो. दर खेपेला न जळलेलं थोडं डिझेल आत साचत जातं आणि कधीतरी ठिणगी पडली की सगळं एकदम भडकतं. बी विंगच्या खिडक्या थरथरतात, धुराड्याचा पाइप सांध्यातून निसटतो आणि वॉचमन ओरडतो, "पेटला साहेब!" झालं की नाही काम?

पेटून लगेच विझत असेल, तर बहुधा फोटोसेलवर काजळी बसलेली असते. करंगळीच्या टोकाएवढा हा डोळा, त्याला समोरची ज्योतच दिसत नाही. मऊ फडक्याने पुसला की हीटर चालू. म्हणूनच पुसू नका. फुकटात झालेली दुरुस्ती मीटिंगमध्ये सांगणार तरी काय? अख्खा कंट्रोल बॉक्स बदला, तीन कोटेशनं मागवा.

नोझल, म्हणजे डिझेलचा फवारा मारणारी बारीक तोटी, हंगामाला एकदा नवं टाकायचं असतं. आपल्याकडे ते प्लंबरदादा तारेने कोरून देतात. "एकदम मोकळं केलं भाऊ!" मोकळं होतंच, भोक वाकडं होतं, फवारा एका अंगाला जातो आणि काळा धूर थेट तिसऱ्या मजल्यावरच्या वाळवणावर. नवं आणायची वेळ आलीच, तर फवाऱ्याचा कोन 60 अंश की 80, असले प्रश्न दुकानात विचारू नका. दुकानदार "चालतंय" म्हणाला की चालतंय.

पाण्याचं सोपं आहे. क्लोरीनच्या गोळ्या सरळ स्किमरमध्ये, म्हणजे तलावाचं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या जाळीच्या खोक्यात टाका, म्हणजे आम्लयुक्त पाणी आधी हीटरच्या तांब्याच्या नळ्यांतून फिरेल. नळ्या झिजतात, पण पाण्याला हिरवट झाक येते आणि फोटो झकास निघतात. पीएच 7.2 ते 7.8 ठेवा म्हणणाऱ्यांना बोअरचं पाणी दाखवा. त्याने नळ्यांत धरलेला क्षार खरवडताना बोलती बंद होते. फिल्टर तुंबून पाणी कमी आलं की प्रेशर स्विच हीटर थांबवतो. फिल्टरमधून उलटं पाणी सोडून घाण काढायची, म्हणजे बॅकवॉश, कोण करणार? स्विचच्या दोन्ही वायरी जोडून टाका. नळ्या कोरड्या तापून फुटल्या, तर ज्यादा वर्गणी आहेच.

आता एक हिशेब, हा मात्र ग्रुपवर टाकू नका. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल तलाव म्हणजे 60,000 लिटर पाणी. ते एक अंशाने तापवायला 60,000 किलोकॅलरी लागतात. हीटर धड असला तर लिटरभर डिझेलमागे साधारण 7,000 पाण्यात उतरतात. म्हणजे अंशाला साडेआठ लिटर, आणि 18 वरून 28 वर न्यायला 85. तेही रात्रभरात उडून जाणारी उष्णता न धरता. सगळ्यात जास्त उष्णता जाते ती उघड्या पाण्याच्या वाफेवाटे, आणि तिला अडवायला एक प्लास्टिकचं कव्हर पुरतं. आमचं कव्हर गणपतीत मांडवावर घातलं, ते अजून तिथेच आहे. बरंच झालं. कव्हर घातलं तर पहाटे तलावावर तरंगणाऱ्या वाफेचा व्हिडिओ "गुड मॉर्निंग नाशिक" म्हणून टाकणार कसा? त्याच थंडीत रामकुंडावर लोक गार पाण्यात डुबकी मारतात, पण त्यांना पुण्य मिळतं. आपण मेंटेनन्स भरतो.

उन्हाळा लागला की डिझेलची टाकी अर्धी रिकामी तशीच सोडा. पावसाळ्यातल्या दमट हवेने आतल्या पत्र्याला पाणी सुटतं, तळाशी उतरतं, डिझेलचा गाळ होतो. खालचा कॉक उघडून तो काढता येतो, पण कॉकपुढे सेक्रेटरींची जुनी स्कूटर उभी आहे आणि तिची किल्ली सापडत नाही. डिसेंबरात बर्नरला पहिला घोट पाण्याचा मिळेल. मग कुणीतरी शहाणा सुचवेल, की सातपूर-अंबडला कारखान्यांचे बर्नर बघणारे मेकॅनिक आहेत, एकाला बोलवा. मुळीच बोलवू नका. तो आल्या आल्या विचारतो, "शेवटची सर्व्हिस कधी केली होती?" असले खासगी प्रश्न विचारणाऱ्या माणसाला गेटवरूनच परत पाठवावं.