अमेरिकेची मालगाडी एकटा माणूस चालवतो म्हणे!

गेले काही दिवस आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा, की अमेरिकेत प्रत्येक रेल्वे कंपनीचा स्वतःचा ट्रॅक असतो, दुसऱ्याच्या गाडीला त्यावर एन्ट्रीच नाही, म्हणून तिथे मालगाडी कुठे अडत नाही, आणि तीन किलोमीटरची गाडी एकटा ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या जोरावर नेतो, आपण मात्र एका मालगाडीवर तीन तीन माणसं पोसतोय. खाली "पटलं तर पुढे पाठवा". मला पटलं नाही म्हणून पुढे न पाठवता इथे लिहितोय.

आधी ट्रॅकचं. मालकी खाजगी कंपन्यांची असते, इतपत बरोबर. पण गंमत बघा, मेसेजसोबत जो फोटो आहे ना, डोंगराला गोल वळसा घालून स्वतःच्याच शेपटीवरून जाणारी गाडी, तो कॅलिफोर्नियातल्या टेहाचापी लूपचा आहे, आणि फोटोतली इंजिनं नारिंगी आहेत. नारिंगी म्हणजे बीएनएसएफ ही रेल्वे कंपनी. ट्रॅक कोणाचा? युनियन पॅसिफिक या दुसऱ्या कंपनीचा! म्हणजे ज्या फोटोवर "दुसऱ्याला एन्ट्री नाही" असं लिहिलंय त्यातच भाडेकरू धावतोय, आणि आजचा नाही, बीएनएसएफची आधीची कंपनी सांता फे १८९९ पासून या घाटात दुसऱ्याच्या रुळावरून गाड्या नेत होती. आजही तिथे मालकापेक्षा भाडेकरूच्या गाड्या जास्त.

याला तिकडे ट्रॅकेज राइट्स म्हणतात. गाडी भाडेकरूची, इंजिन त्याचं, क्रूही त्याचा, पण सिग्नल आणि गाडी कधी सोडायची ते मालकाचा डिस्पॅचर ठरवणार आणि नियमही मालकाचे चालणार. त्या सेक्शनचे चढउतार, वळणं, सिग्नल माहीत नसतील तर ड्रायव्हरला एकट्याला सोडत नाहीत, माहितगार पायलट सोबत घ्यावा लागतो. दुसरा प्रकार हॉलेज, त्यात मालकाचाच क्रू तुमचे डबे ओढून नेतो आणि तुम्ही डब्यामागे पैसे मोजता. १९९६ मध्ये युनियन पॅसिफिकने सदर्न पॅसिफिक घेतली तेव्हा सरकारी बोर्डाने अट घातली, की गिऱ्हाईक एकाच कंपनीच्या तावडीत सापडू नये म्हणून बीएनएसएफला सुमारे ४,००० मैलांवर वाट द्या. याला "एन्ट्रीच नाही" म्हणायचं असेल तर म्हणा.

नेवाडात तर दोन कंपन्यांचे सिंगल ट्रॅक जवळपास शेजारून जात होते, १९२४ पासून त्यांनी ठरवून टाकलं की पूर्वेकडे जाणारं सगळं एकावरून, पश्चिमेकडचं सगळं दुसऱ्यावरून. खर्च न करता डबल लाइन. कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या खोऱ्यातही दोन कंपन्या हेच करतात.

"अडत नाही" हे ज्याने लिहिलं त्याने अॅमट्रॅकने, म्हणजे तिथल्या पॅसेंजर गाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या गाडीने, एकदा लांबचा प्रवास करावा. बहुतेक प्रवास दुसऱ्याच्या ट्रॅकवर, कायद्याने पॅसेंजरला आधी सोडायचं, पण मालगाडी इतकी लांब की सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूला थांबायच्या रुळावर, मावतच नाही, मग बाजूला कोण थांबणार? पॅसेंजर.

आता ड्रायव्हर. एकटा नसतो हो. मोठ्या कंपन्यांच्या मेन लाइनच्या गाडीवर दोन जण असतात, इंजिनियर म्हणजे ड्रायव्हर आणि कंडक्टर, आणि हा कंडक्टर तिकीट फाडणारा नव्हे. पूर्वी पाच असायचे, शेवटी कबूस नावाचा डबा असायचा, तो १९८० च्या दशकात गेला आणि त्याच्या जागी शेवटच्या कपलरला (डबे जोडणाऱ्या आकड्याला) एक डबी आली जी ब्रेकच्या हवेचं प्रेशर रेडिओवरून इंजिनला कळवते. एका माणसावर आणायचा प्रयत्न कंपन्यांनी केला, नाही असं नाही, बीएनएसएफचा तसा प्रस्ताव २०१४ मध्ये कामगारांनी मतदान करून फेटाळला. एप्रिल २०२४ मध्ये तर तिथल्या केंद्र सरकारच्या रेल्वे खात्याने किमान दोघांचा नियमच केला, छोट्या लाइनींना काही सवलती ठेवून.

दुसरा माणूस करतो काय? कपलरचा नकल, म्हणजे त्यातला उघडमीट होणारा लोखंडी आकडा, तुटला की गाडी जागीच थांबते. मग कंडक्टर उतरतो, खडीवरून, अंधारात, बर्फात, दीड-दोन किलोमीटर चालत जातो, तुटलेला डबा शोधतो आणि पस्तीस किलोच्या आसपासचा तो लोखंडी तुकडा बदलतो. इंजिन सोडून ड्रायव्हरने जायचं का? कॉम्प्युटर जाणार का?

६ जुलै २०१३ ला कॅनडात लाक-मेगांतिकला ७२ टँकरची तेलाची गाडी उतारावरून आपोआप सुटली, ४७ माणसं गेली. ती गाडी एकाच माणसाने आणून, हँडब्रेक लावून उभी केली होती आणि तो हॉटेलवर झोपायला गेला होता. एकटा होता म्हणूनच झालं असं तपास बोर्डाने म्हटलेलं नाही, हेही सांगतो, हँडब्रेक कमी लावले होते आणि आग लागली म्हणून इंजिन बंद केल्यावर हवेचे ब्रेक सुटत गेले. पण त्याच महिन्यात तिथल्या सरकारने धोकादायक मालाच्या गाडीवर दोन माणसं सक्तीची केली.

कॉम्प्युटर म्हणजे पीटीसी, गरज पडली तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा, तीही कशी आली बघा. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकलचा ड्रायव्हर मोबाइलवर मेसेज करत लाल सिग्नल ओलांडून गेला आणि त्याच ट्रॅकवर समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळला, २५ मेले. त्यानंतर कायद्याने पीटीसी सक्तीचं झालं. "स्वतंत्र ट्रॅक" इथेही दिसत नाही. पीटीसी लाल सिग्नल आणि स्पीड सांभाळतं, नकल बदलत नाही.

राहिले आपले तीन. लोको पायलट, असिस्टंट, आणि गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं. तिसऱ्याचं काम ती ब्रेकचं प्रेशर कळवणारी डबी करू शकते का ही चर्चा आपल्याकडेही आहे आणि ती व्हायला माझी ना नाही. पण शेअरिंग आपल्याकडे नाही असं नका म्हणू, खाजगी कंटेनर कंपन्यांचे डबे रेल्वेच्याच इंजिन आणि क्रूने चालतात, पैसे हॉलेजचे, नावसुद्धा तेच.

हे सगळं मी आमच्या काकांना वाचून दाखवलं, ते भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. त्यांनी एकच विचारलं, ड्युटी संपली तर काय करतात? मी सांगितलं, अमेरिकेत कायद्याने बारा तास, ते भरले की गाडी असेल तिथे लावून ठेवायची, व्हॅन दुसरा क्रू घेऊन येते. काका म्हणाले, "व्हॅन येईपर्यंत चहाचं काय?"